खुर्च्यांच्या खोळी

शिवणवालीचा मुलगा दुपारी चार वाजता रजेवर येणार होता आणि घरात खुर्च्या चारच होत्या. भेटायला येणारे नातेवाईक धरले तर निदान वीस तरी हव्यात, असा तिने हिशोब केला आणि समोर राहणाऱ्या धाकट्या दिराला हाक मारली.

मुलगा फौजेत ट्रक चालवायचा, तोही परक्या मुलखातल्या लढाईत. चौदा महिने फोन वाजला की शिवणवाली मशीन सोडून धावायची. आता दहा दिवसांची रजा मिळाली होती. मागच्या रजेत पठ्ठ्या दोस्तांबरोबरच उंडारला आणि आईला जेमतेम दोनदा जेवताना दिसला. या खेपेला त्याने घरी बसावं, खावं, झोपावं आणि तिने त्याच्याकडे बघत शिवावं, एवढंच तिला हवं होतं.

दीर म्हणजे थांबवाल्यांचा शाखाप्रमुख. फौज तिथेच थांबली पाहिजे, असं म्हणणारे ते थांबवाले. त्याने शाखेतल्या वीस खुर्च्या तासाभरात अंगणात मांडल्या. प्रत्येकीच्या पाठीवर रंगवलेलं होतं, ‘विजयाशिवाय माघार नाही’.

तेवढ्यात शिवणवालीचा सख्खा भाऊ आला. तो फौज परत आणा म्हणणाऱ्या परतवाल्यांचा चिटणीस. खुर्च्या बघून त्याचा पाराच चढला.

“ताई, पोरगा घरी परत येतोय आणि तू त्याला या पाट्यांवर बसवणार?”

“अरे, पाटीवर पाठ टेकतात. वाचतंय कोण?”

“मी वाचतोय ना!”

वाद नको म्हणून शिवणवाली मशीनवर बसली. शाळेच्या पडद्यांसाठी आलेला पिवळा तागा कपाटात होता. त्यातून तिने खुर्च्यांच्या पाठींना वीस खोळी शिवल्या आणि चढवल्या. पिवळा हा परतवाल्यांचा रंग आहे, हे कामाच्या घाईत तिच्या डोक्यातच आलं नाही.

दिराच्या मात्र लगेच आलं. “वहिनी! खुर्च्या आमच्या आणि कपडे त्यांचे?”

“भाऊजी, तो पडद्याचा कपडा आहे हो.”

“आता पडद्याआड काय राहिलंय!” असं म्हणून दिराने आणखी पन्नास खुर्च्या मागवल्या. भावाने साठ मागवल्या. एवढ्या खुर्च्या आल्यावर माणसं लागणारच, म्हणून माणसं आली, आणि माणसं आली म्हणून माईक आले. साडेतीनला अंगण, जिना आणि अर्धा रस्ता भरला. ‘जवान परत आणा’ आणि ‘जवान मागे हटणार नाही’ यांची जुगलबंदी सुरू झाली.

चार वाजता जवान आला. साध्या कपड्यांत, खांद्यावर पिशवी आणि हातात ट्रंक घेऊन तो गर्दीच्या टोकाला उभा राहिला.

“जरा वाट देता का? आत जायचंय.”

“सगळ्यांनाच जायचंय,” एक कार्यकर्ता खेकसला. “फौजेतला पोरगा यायचाय, त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवलीय. तुम्ही मागे उभे राहा.”

पोरगा मागे गेला तो थेट मागच्या खिडकीपर्यंत. आईने त्याला ट्रंकेसकट आत ओढलं, घट्ट धरलं आणि ती खूप रडली. मग त्याला पोटभर वाढलं. हात धुऊन तो कापडाच्या ढिगावर आडवा झाला आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागला.

बाहेरून दार वाजलं. “वहिनी, पुतण्या आला की आधी आमच्या माईकवर बोलणार!”

“भाचा आमच्या माईकवर बोलणार!” भावाचा आवाज आला.

शिवणवालीने झोपलेल्या पोराकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं होतं आणि गालफडं बसली होती. ती बाहेर आली, तिने दार ओढून घेतलं आणि दोघांच्या हातातले दोन्ही माईक एकदम तोंडापाशी धरले.

“फोन आला होता. रजा रद्द झाली. तो येत नाही.”

दीर लगेच गरजला, “बघितलंत? कर्तव्यासाठी पोराने रजेवर पाणी सोडलं!”

“बघितलंत?” भाऊ ओरडला. “माय-लेकरांची भेटसुद्धा होऊ देत नाहीत!”

दोन्ही पक्ष बेहद्द खूश झाले. दोन मोर्चे दोन दिशांना निघाले आणि जाताना ज्याने त्याने आपापल्या खुर्च्या नेल्या.

सकाळी पोराने केस विंचरले, बूट चढवले. “आई, दोस्तांना भेटून येतो जरा.”

“जा की. पण तू आलेला नाहीस.”

“म्हणजे?”

तिने सगळं सांगितलं. पोराने एकदा दाराकडे पाहिलं. मग त्याने बूट काढले.

“किती दिवस?”

“दहा,” शिवणवाली म्हणाली आणि गाणं गुणगुणत मशीनवर बसली. दोन्ही पक्षांविषयी तिच्या मनात इतकं प्रेम आजवर कधीच दाटून आलं नव्हतं.