मोरांचा पडदा

नियोजनात माझा हात कोणी धरू शकणार नाही! अकरा वर्षं जर्मनीत काढलीत, उगाच नाही. म्हणून कराडहून कुंदाताई यायची ठरली तेव्हा मी बायकोला बजावलं, "तू फक्त बघत राहा. नऊ दिवस, चार देश, आणि एक मिनिट वाया जाणार नाही."

ताईला चार देशांशी कर्तव्य नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती. आमच्या स्वयंपाकघरात वाण्याच्या कॅलेंडरवरचं आयफेल टॉवरचं चित्र आईने कापून चिकटवलं होतं. फोडणी देता देता म्हणायची, "एकदा इथे जाणार मी. पैठणी नेसून!" आई गेली, चित्र तेलकट होऊन गळून पडलं. आता आईची हिरवी पैठणी नेसून ताई त्या टॉवरखाली उभी राहणार होती.

"पण या बॅगेतून?" मी किंचाळलोच. कुलूप मोडलेली, नायलॉनच्या दोरीने आवळलेली, भावोजींच्या लग्नातली बॅग!

"बॅग तुझी नाही, आणि पॅरिसही तुझं नाही," ताई म्हणाली. "हे बघ, तुझ्यासाठी स्वेटर विणलाय. आणि ही माकडटोपी."

स्वेटर वांगी रंगाचा होता. टोपीला गोंडा होता.

"ताई, मी इथे इंजिनिअर आहे गं! ऑफिसातल्या कोणी बघितलं तर?"

"बरं बाबा," म्हणत तिने दोन्ही परत बॅगेत कोंबलं. तिचा चेहरा एवढासा झाला, पण मला वेळापत्रक बघायचं होतं.

बायकोला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघंच निघणार होतो; त्या दिवशी सकाळी मी ताईची बॅग खाली आणली. नेमकी त्या दिवशी आमच्या गल्लीत मोठ्या भंगाराची सकाळ होती. म्हणजे काय, तर लोक नको असलेल्या खुर्च्या, गाद्या, दिवे फुटपाथवर मांडून ठेवतात. पालिकेची गाडी येईपर्यंत ज्याला जे हवं ते त्याने खुशाल न्यावं. आता इतक्या टापटीप रांगेच्या शेजारी बॅग वाकडी कशी ठेवायची? मी ती रांगेतच, गादी आणि दिव्याच्या मधोमध, अगदी सरळ रेषेत लावली आणि माझी बॅग आणायला वर गेलो.

ताई थालीपिठं बांधत होती. आम्ही दहा मिनिटांनी खाली आलो. गादी होती. दिवा होता. मधे भोक!

"शेखर, माझी बॅग?"

तळमजल्याच्या खिडकीतून ब्रेनरआजींनी आनंदाने हात हलवला. "दातारसाहेब, गेली हो तुमची बॅग! मीच दिली. निळ्या केसांची एक मुलगी आली होती हातगाडी घेऊन. घेऊ का म्हणाली. म्हटलं, घे बाई, दोरीसुद्धा चांगली आहे!"

"अहो, ती टाकलेली नव्हती!"

"मग रांगेत का ठेवलीत?" आजींनी विचारलं.

मी ताईला हे सांगितलं. ती मटकन गादीवर बसली. "शेख्या, आईची पैठणी होती रे त्यात." एवढंच म्हणाली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी चर्चकडे गेली म्हणून आजींनी बोट दाखवलं. मी माझी बॅग तिथेच टाकली आणि पळालो. मागून बूट आणि साडी सावरत ताई! चर्चच्या मागची गल्ली, मग बेकरीची गल्ली, मग परत चर्च. पॅरिसची गाडी सुटायच्या वेळी आम्ही एका बागेला तिसरा वळसा घालत होतो. आणि ताई एकदम थांबली.

"शेखर, वर बघ."

पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत आईच्या पैठणीचा पदर! सगळे मोर रस्त्याकडे तोंड करून, वर कपडे वाळत घालायचे चिमटे लावून. पडदा!

मी घंटा वाजवली. निळ्या केसांच्या मुलीने दार उघडलं. तिच्या हातात बेसनाचा अर्धा लाडू होता. तिचं नाव वीबके, शिकायला आली होती, कालच खोली मिळाली होती. मी सगळं सांगितलं तशी तिचे डोळे भरले.

"माफ करा हो! जुनी बॅग, जुनं कापड. मला वाटलं, कोणी म्हातारी वारली असेल आणि घरच्यांनी सामान टाकलं असेल."

मी ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "तिला सांग, वारली खरी. पण टाकलेली नाही."

मला ते जर्मनमध्ये सांगता येईना.

ताईने मात्र डोळे पुसले, पैठणी काढून घडी घातली आणि उघड्या खिडकीकडे बघितलं. "या पोरीला आता पडदा नको का?" म्हणत तिने माझ्यासाठी आणलेली सोलापुरी चादर बॅगेतून काढून चिमट्यांना लावलीसुद्धा! वर उरलेले लाडू दिले. वीबकेने तिला जी मिठी मारली, ती सुटता सुटेना.

आम्ही बॅग मिरवत परत आलो. फुटपाथवर गादी होती. दिवा होता.

"आजी, माझी बॅग कुठाय?"

"दिली की!" ब्रेनरआजी म्हणाल्या. "एक जोडपं आलं होतं. चाकं अगदी नवी होती हो, तुम्ही का टाकलीत?"

नशीब, पासपोर्ट ताईच्या कमरेच्या बटव्यात होते. दुपारच्या गाडीने आम्ही पॅरिस गाठलं. काय बोचरी थंडी होती! ताईने तिच्या बॅगेची दोरी सोडली. मी स्वतःहून हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी एका भल्या माणसाने टॉवरखाली आमचा फोटो काढून दिला. ताईने तो तिथूनच सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं होतं, "आईची पैठणी पॅरिसला पोचली. शेजारी माकडटोपीत उभा आहे तो आपला शेखर. बरेच जण विचारतील, म्हणून आधीच सांगितलं."