लाभार्थी गच्चीवर

सरकारी योजनेचा फायदा कसा घ्यायचा, हे आमच्या गल्लीत लोक मला विचारतात. बढाई मारत नाही, खरंच विचारतात. समोरच्या शिंपीकाकांची अडकलेली पेन्शन मी सोडवून दिली होती, आणि ते आजही मला बघितलं की शिलाई मशीन थांबवतात. त्यामुळे घरावर सौर पॅनल बसवले तर खर्चातला मोठा वाटा सरकार परत देतं, असं कळलं तेव्हा मी त्याच दिवशी बायकोला सांगून टाकलं, की हे काम आपण एकही चूक न करता पार पाडणार. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. वाईट रिपोर्ट हातात आल्यावर ती जशी बघत असेल तशी तिने माझ्याकडे बघितलं आणि ती कामावर निघून गेली.

घर सासूबाईंच्या नावावर आहे. सासरे गेले तेव्हा त्यांना एकटं ठेवायला नको म्हणून आम्ही दोघं त्यांच्याकडे राहायला गेलो. एके काळी ही बाई बाजारात शिरली की दुकानदार आपणहून भाव कमी करायचे. पण सासरे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आजार काही नव्हता. गुडघे दुखायचे, पण ते आधीही दुखायचेच. खिडकीशी खुर्ची टाकून त्या बसून असत आणि काहीही विचारलं तरी एकच उत्तर देत, "बरंय." जेवायला वाढू का, बरंय. डॉक्टरांना बोलावू का, बरंय. बायको त्यांच्यापाशी बसून वडिलांचा विषय काढायची, तर त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या. मग तिनेही तो विषय काढणं सोडून दिलं.

पॅनलचं विचारलं, तेव्हाही त्या "बरंय" म्हणाल्या. कागदांवर सह्या झाल्या. कामगार आले, दोऱ्या लावून पॅनल वर चढवले, जोडणी झाली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की मी गल्लीतल्या आणखी दोन घरांना सल्ला देऊन बसलो.

मग तपासणीच्या साहेबांचा फोन आला. सबसिडी हवी असेल तर घराच्या मालकाने पॅनलशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि तिथेच तपासणीच्या कागदावर सही करायची. हा नियम नवीन होता की मी वाचलाच नव्हता, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

अडचण अशी, की आमच्या घराला जिना नाही. एकमजली घर, वर सपाट गच्ची, आणि मागच्या भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी, सरळ उभी. सासरे रोज संध्याकाळी तिच्यावरून पाण्याची टाकी बघायला चढायचे. सासूबाईंना पहिली पायरीही जमली नसती.

पॅनल बसवणाऱ्या वायरमनने तोड काढली. त्याचा मेहुणा रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या गाडीवर होता. त्या गाडीला एक लांब हात असतो आणि हाताच्या टोकाला माणूस उभा राहील असा पाळणा. दुपारी काम नसताना गाडी आणतो म्हणाला. मी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं, दोनदा. त्या म्हणाल्या, "बरंय."

ठरल्या दिवशी त्यांनी ठेवणीतले कपडे घातले, केस विंचरले आणि पर्स घेतली. पर्स कशाला, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. पाळणा वर जायला लागला तशी अर्धी गल्ली बाहेर आली. सासूबाई एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने पर्स धरून, कुणाकडेही न बघता, सभेच्या अध्यक्षांसारख्या गंभीर चेहऱ्याने वर गेल्या. मी आणि साहेब शिडीने चढलो. साहेबांनी पटापट फोटो काढले. तेवढ्यात गाडीवाल्याचा फोन वाजला. दुसऱ्या भागात खांब पडला होता. "आत्ता येतो," असं खालून ओरडून तो गाडी घेऊन गेलासुद्धा.

तर सासूबाई गच्चीवर, आणि खाली आणायला काही नाही.

मी त्यांची समजूत काढायला वळलो, तर त्या पॅनलपाशी नव्हत्या. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात उभ्या राहून खाली काहीतरी बघत होत्या. तिथे रंगाचा एक रिकामा डबा पालथा घातलेला होता आणि त्यावर घडी करून ठेवलेली एक शाल. रंग उडालेला, पण मीही लगेच ओळखली. सासूबाईंची ती शाल हरवली म्हणून आमचं इस्त्रीवाल्याशी कायमचं बिनसलं होतं. सासूबाईंनी त्याच्यावर सरळ चोरीचा आळ घेतला होता, आणि सासरे तेव्हा शेजारी उभे राहून चक्क मान डोलवत होते.

त्या डब्यावरून मागच्या भिंतीपलीकडचं शाळेचं मैदान दिसत होतं. शाळा सुटली होती आणि मुलांचा फुटबॉल सुरू झाला होता.

सासूबाईंनी शाल हातात घेतली, झटकली, पुन्हा तशीच घडी घातली आणि त्या डब्यावर बसल्या.

साहेबांनी सहीसाठी कागद पुढे केला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही. मी हळूच म्हणालो, "आई, एवढी सही झाली की झालं."

"तुमचं काम झालं ना, जावईबापू?" त्या म्हणाल्या. "आता जरा माझं होऊ द्या."

एवढं लांबलचक वाक्य मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मी खाली आलो. साहेबही आले. त्यांना चहा दिला, पण त्यांना दुसरीकडे जायचं होतं आणि ते सारखं घड्याळ बघत होते. शेवटी मी अंगणात उभा राहून वर तोंड करून हाक मारली, की आई, एकदा सही करून टाका, मग तुम्हाला खाली आणतो. मी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण शिंपीकाकांनी जे ऐकलं ते असं: सही करा, तोवर खाली आणणार नाही.

त्यांच्या जागी मी असतो तरी मला तेच वाटलं असतं. म्हातारी बाई गच्चीवर, जावई खाली, शेजारी हातात कागद घेऊन सरकारी माणूस, आणि खाली उतरवणारी गाडी परत पाठवलेली. शिंपीकाकांनी बायकोला लॅबमध्ये फोन लावला आणि सांगितलं, की तुझ्या नवऱ्याने घर नावावर करून घ्यायला आईला वर कोंडलंय. गच्चीवर कोंडता कसं येईल, हा विचार कुणी केला नाही. ती येईपर्यंत अंगणात बरीच माणसं जमली होती. पेन्शनचं सगळं विसरून शिंपीकाका माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की मी आपोआप हात मागे बांधून उभा राहिलो. साहेब प्रत्येकाला वेगवेगळं सांगत होते, की आपला या कुटुंबाशी काहीही संबंध नाही.

बायको लॅबच्या पांढऱ्या कोटातच आली. मी तोंड उघडलं, पण ती न थांबता शिडीकडे गेली. तिच्या मागोमाग मीही चढायला लागलो. अर्ध्यावर पोचलो तेव्हा वरून आवाज आले, आणि मी तिथेच थांबलो.

"आई, काय झालं?"

"काही नाही. बस इथे. तो उंच मुलगा बघ, पडला की आधी हसतो आणि मग उठतो."

मग सासूबाई म्हणाल्या, "टाकी बघायला म्हणून चढायचे. मी खालून ओरडायचे, टाकी भरायला एवढा वेळ लागतो का. तर हे बघत बसायचे."

"कधी बोलले नाहीत?"

"नाही ना. बोलायचं तरी." मग त्या म्हणाल्या, "मीही कधी विचारलं नाही, वरून काय दिसतं म्हणून."

आणि मग त्या रडल्या. सासरे गेले त्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या, आलेल्या माणसांच्या पाण्याचं बघत होत्या. आता अगदी मोकळ्या आवाजात रडल्या, आणि बायकोही. मी शिडीवर मधोमध. वर जाणं बरं नव्हतं, खाली माणसं होती. पायऱ्यांची सळई तळव्यात रुतत होती आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. खालून साहेब दबक्या आवाजात विचारत होते, की सहीचं काय झालं.

शिंपीकाकांना राहवलं नाही. त्यांनी हाक मारून विचारलं, की वहिनी, तुम्ही ठीक आहात ना, पोलिसांना बोलावू का. सासूबाई कठड्याशी आल्या. डोळे लाल, पण आवाज बाजारातला जुना.

"पोलीस नको. इस्त्रीवाल्याला बोलवा. माझी शाल सापडली, त्याची माफी मागायची आहे."

गाडी परत आली तेव्हा उजेड कमी झाला होता. सासूबाईंनी तिला थांबवून ठेवलं. मैदानावरची मुलं दप्तरं उचलून घरी गेली, मग त्यांनी सही केली आणि पाळण्यात पाय ठेवला. अंगणातली माणसं पांगली. जाताना कुणी माझी माफी मागितली नाही, आणि मीही अपेक्षा धरली नाही.

फोटो नामंजूर झाला. त्यात पॅनल स्वच्छ दिसत होते, पण लाभार्थीचं तोंड मैदानाकडे होतं. साहेबांनी काढलेल्या सगळ्याच फोटोंत सासूबाईंचा अंबाडा आला होता. गाडी पुन्हा मिळण्यासारखी नव्हती, वायरमनच्या मेहुण्याला वरून बोलणी बसली होती. सासूबाईंनी मात्र तोवर ठरवून टाकलं होतं, की मागच्या बाजूला जिना बांधायचा, बुटक्या पायऱ्यांचा आणि दोन्हीकडे कठडा असलेला. गवंड्याशी भाव त्यांनीच केला, आणि तो जाताना माझ्याकडे दयेने बघत गेला. तरीही त्या जिन्याला किती लागले ते मी सांगणार नाही. घरात सबसिडीचा विषय निघाला, की मी पाणी प्यायला उठतो.

जिना झाल्यावर साहेब पुन्हा आले. मी सकाळपासून तयारीत होतो. पॅनल पुसले होते, कॅमेऱ्यासमोर कुठे उभं राहायचं तिथे खडूने खूण केली होती. सासूबाईंना बोलवायला आत गेलो, तर खोली रिकामी. चपला नव्हत्या, पर्स नव्हती. कुठे गेल्या आणि कधी येणार, हे कुणालाच सांगून गेल्या नव्हत्या.

साहेब आणि मी नव्या जिन्याच्या पायरीवर बसलो. बराच वेळ गेला. शेवटी मी म्हणालो, की साहेब, मी इथेच राहतो, पॅनल मीच बसवून घेतले, धावपळ सगळी माझी. माझाच फोटो काढला तर नाही का चालणार?

साहेबांनी पिशवीतून कागद काढले आणि अगदी मनापासून, एकेक पान उलटून बघितले. मग ते सहानुभूतीने म्हणाले, "चाललं असतं हो. पण कागदोपत्री तुम्ही इथे कुठेच नाही."