मसाल्याच्या डब्यातली जपानी रिळं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही: गंगातात्यांचं मीठ मी चोरलं.

मीठ म्हणजे खायचं नव्हे. सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं. कोपरगावजवळच्या साखर कारखान्यात मी टाइमकीपर, शेजारच्या खोलीतले तात्या फिटर. यंत्र बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरची सगळी पत्रं मी टाईप केली. पण जाताना त्यानं हातानं फिरवायचा प्रोजेक्टर आणि कार्टूनची सात छोटी रिळं दिली ती तात्यांना. ते माझ्या मनाला अजून लागतं.

रिळांवरचं जपानी वाचणार कोण? तात्यांनी ती मसाल्याच्या डब्यात ठेवली आणि तीच नावं दिली. मारामारीचं तिखट, प्रेमाचं हळद, भुताचं हिंग, रडवणारं मेथी, हसवणारं मोहरी, यंत्रमानवाचं जिरं.

रविवारी दुपारी खिडक्यांना साखरेची पोती ठोकून तात्या खेळ लावत. आलेल्याचं तोंड बघून रीळ ठरे. क्रेनवाला बायकोशी भांडून आला की हळद. गोष्टही तेच सांगत. यंत्रमानव चालू लागला की म्हणत, "ह्याच्या गुडघ्याला ग्रीस न्हाई."

पूर्वी रविवारी हीच माणसं माझ्याकडे पेपर ऐकायला जमत. आता सतरंजीवर मी एकटा, आणि भिंतीपलीकडून माझ्याच बायकोचं हसू. शेवटी मीही जाऊ लागलो. मला कायम हिंग. "भाऊसाहेब, तुमच्या पोटात कायतरी साचलंय."

साचलं होतंच.

सातवं रीळ, मीठ, मात्र ते कुणालाच दाखवत नसत. "ते माझ्या जेवनापुरतं हाय," म्हणत. एकदा बल्ब बदलायला त्यांनी पाठ फिरवली आणि मी ते खिशात घातलं.

घरी उन्हात धरून पाहिलं. काहीच घडत नव्हतं. माणूस कामावरून येतो, बाई वाढते, दोघं समोरासमोर जेवतात. बस्स.

पुढच्या रविवारी तात्यांनी कुणावर आळ घेतला नाही. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "आमची मंडळी माहेरी सोनईला गेली ती गेलीच. तुमी सगळे उठला का मी ते लावायचो. डाव्या हातानं चाक फिरवायचं, उजव्यानं जेवायचं. समोर कुनी जेवत असलं का घास उतरतो, भाऊसाहेब."

मी म्हणालो, "सापडेल कुठंतरी." आणि घरी येऊन बायकोनं वाढलेलं जेवलो.

तात्या आता कोल्हारला एकटेच राहतात. रीळ माझ्या ट्रंकेत आहे. ते मी त्यांचं देणं लागतो. आणि त्यांच्यासमोर बसून एक जेवण.