रोजचा पाहुणा

सकाळी दहाच्या ठोक्याला आमच्या वर्गाच्या दारावर टकटक होते. दार सताड उघडं असतं, आत पंधरा पोरंपोरी बसलेली असतात, आणि उंबऱ्याबाहेर खरात सर हातात बॅग घेऊन परक्यासारखे उभे असतात. कुणी उठून बॅग घेऊन "या, बसा" म्हटल्याशिवाय आत येत नाहीत. एकदा मुलं मुद्दाम बसून राहिली. सर पाऊण तास उन्हात उभे राहिले, मग "हाटेल बंद दिसून राह्यलं" म्हणाले आणि घरी निघून गेले.

सरांनी औरंगाबादच्या एका मोठ्या हॉटेलात तीस वर्षं टेबलं सांभाळली. आता अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात दहावी-बारावी झालेल्या मुलांना ते पाहुण्यांची सरबराई शिकवतात. त्याच मुलांना मी तलावावरचे पक्षी दाखवून गाइड बनवतो, पण माझ्या तासाला कुणी एवढं घाबरत नाही. सर रोज नवा पाहुणा होऊन येतात. सोमवारी कमी ऐकू येणारा, मंगळवारी साखरेचा त्रास असलेला, बुधवारी नुसताच भांडखोर. बुधवार त्यांना फार छान जमतो. पोह्यांवरची लिंबाची फोड बशीत उजवीकडे नसली, तर अर्धा तास बोलणी बसतात. आणि पाणी घ्यायला त्यांना स्वतः उठावं लागलं, तर विचारूच नका. "पाहुणा उठला की आपलं चुकलं," हे त्यांचं वाक्य मुलं झोपेतही म्हणत असतील.

वर्गात सगळ्यांत गप्प सुजाता. तलावाजवळच्या नव्या पर्यटक निवासाची माणसं गाइड निवडायला येणार होती. तिच्या वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, त्यांनी घेतलं तर ठीक, नाहीतर क्लास बंद आणि परतूरला आत्याकडे शिलाई मशीनवर बसायचं.

निवडीच्या सकाळी निवासाच्या मॅनेजरबाईंसह तिघं पाहुणे आले; सर आणि मी मागोमाग होतो. सुजातानं त्यांना सातच्या आत तलावावर नेऊन चक्रवाक दाखवायचे होते. पण वाट गावातून जाते, आणि आमच्या गावात पाहुणा बिनचहाचा पुढे जात नाही. पहिल्या घरी चहा झाला, म्हणून दुसरं घर रुसलं. तिसऱ्या घरी पोहे झाले. सुजाताला कुणालाच नाही म्हणता येईना. तलावावर पोचलो तेव्हा पाण्यात म्हशी होत्या आणि चक्रवाक कधीच उडून गेले होते. मी कपाळावर हात मारला. सर मागं उभे राहून टायची गाठ आवळत होते.

सुजाता पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "चला माघारी. पोह्याच्या घरी कडुलिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी हाय. आपण खाऊन राह्यलो होतो, तवा ती आपल्याकडंच पाहत होती."

पाहुणे पुन्हा त्याच अंगणात, त्याच बाजेवर बसले. ढोलीतून दोन गोल डोकी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. सुजाता हळू आवाजात सांगत होती, ही घुबडाची जात उंदीर-किडे खाते, म्हणून शेताची राखण करते. आयुष्यात तिला एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं. घरमालकाला तर तिनं बोटानंच गप्प केलं. अर्ध्या तासानं मॅनेजरबाई म्हणाल्या, "एक तारखेपासून ये. आणि ही चहाची घरं फेरीतच ठेव." दुपारपर्यंत वडिलांनी ही बातमी गावभर केली होती. मला सुजाताचा अभिमान वाटला आणि सरांचा, खरं सांगतो, हेवा.

दुसऱ्या दिवशी दहाला टकटक झाली. सुजातानं पुढे होऊन बॅग घेतली. "या. आज कोण पाहुणे, सर?"

सरांनी टायची गाठ सैल केली. "आज कोणी न्हाई, बाई. मीच आलो."

तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पोह्यांची बशी समोर ठेवली. सर गडबडून अर्धे उठले. "थांबा, सगळ्यायला पाणी मी आणतो."

"पाहुणा उठला की आमचं चुकलं, सर. बसा."

सर बसले. "तीस वर्षं लोकायला बसा म्हणत आलो," ते म्हणाले. "मला बसा म्हणणारं घरी कोणी उरलं न्हाई. म्हणून तर रोज तुमचं दार वाजवतो."

मग त्यांनी पोहे खाल्ले. लिंबाची फोड डावीकडे होती. ती त्यांनी पाहिली होती, पण बोलले नाहीत.