पराते काकांच्या चपला

कुठेही लाऊडस्पीकर दणाणायला लागला की आमचे शेजारी पराते काका आधी चपला काढतात. वरात असो, वाढदिवस असो, नाहीतर निवडणुकीचा प्रचार असो. चपला जोडीने बाजूला ठेवायच्या, हात मागे बांधायचे, डोळे मिटायचे आणि सरळ उभं राहायचं. नवख्या माणसाला वाटतं, केवढे हे भाविक. कुहीला एका लग्नात डीजेवाल्याचाही असाच गैरसमज झाला. पांढऱ्या केसांचे गृहस्थ आपल्या पेटाऱ्यासमोर अनवाणी उभे आहेत हे पाहून तो बिचारा इतका गहिवरला की चालू गाणं तोडून त्याने आरती लावली. काकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "काहून बदलवलं गा? धोटा बरोबर चालून राहिला होता." त्या गडबडीत त्यांच्या नव्या चपला कोणीतरी घालून गेलं. परतताना काकू बसमध्ये गेलेल्या चपलांची किंमत मोजत बसल्या. काका मात्र अनवाणी आणि प्रसन्न होते.

हा धोटा काय ते सांगते. काका विणकरांच्या घरातले. हातमागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. तो मध्येच पडला की विणणाऱ्याची लय तुटते. त्यामुळे काकांच्या लेखी जगात जे नीट चाललंय त्याचा धोटा चालू आहे आणि जे बिघडलंय त्याचा पडलाय. आमच्या गल्लीतल्या नळाचा धोटा दर उन्हाळ्यात पडतो. माझ्या नवऱ्याचा लग्नापासूनच पडलेला आहे. मी शाळेत गणित शिकवते, तर माझ्या वर्गातल्या पोरांचा धोटा चालू आहे की नाही याचीही ते अधूनमधून चौकशी करतात. चौकशी करतात म्हणजे स्वतःच विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. काका बोलायला लागले की समोरच्याने फक्त मान हलवायची असते.

मागावर पोट भरेना म्हणून काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागले आणि निवृत्त होईपर्यंत टर्बाइनच्या गर्जनेत राहिले. नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं, आणि लग्नाचे बूट घ्यायला ते नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात गेले. तिथे फुटपाथवर एका कॅसेटवाल्याने 'टिन ड्रॅगन' लावला होता. हा आपल्याच देशातला, पण इंग्रजीत गाणारा रॉक बँड. काकांना इंग्रजी कळत नव्हतं, गिटार म्हणजे काय तेही धड ठाऊक नव्हतं. पण त्या ड्रमवाल्याचे ठोके कानावर पडले आणि ते जागच्या जागी थांबले. "मले वाटलं, आमचे बाबाच मागावर बसले," ते सांगतात. बुटांऐवजी कॅसेट घेऊन ते घरी आले आणि ड्यूटीच्या जाडजूड बुटांत बोहल्यावर चढले. काकूंनी अंतरपाटाखालून पहिल्यांदा पाहिलं ते नवऱ्याचं तोंड नव्हे, हे बूट.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी पराते काकांकडे 'टिन ड्रॅगन' लागतो. कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेनड्राइव्ह झाला, आवाज मात्र वाढतच गेला. अलीकडे तर आमच्या फडताळातले कप किणकिणतात. काका पांढऱ्या पायजम्यावर बँडचा काळा टी-शर्ट घालून अंगणात उभे असतात. टी-शर्टवरच्या ड्रॅगनची शेपटी कधीच विरून गेली. काकूंनी ती लाल दोऱ्याने भरून दिली, तर तो ड्रॅगन आता काठाचं लुगडं नेसल्यासारखा दिसतो. शेपटी भरून दिली तरी काकूंचं मत ठाम. स्वयंपाकघरातून, आमच्याकडे पाठ करून, त्या ओरडणार, "अजी, थे डबडं बंद करा."

काका बँडबद्दल बोलतात ते घरातल्या कर्तबगार भावाबद्दल बोलावं तसं. "सरकारं बदलली, नट बदलले, माह्ये दात बदलले. ह्यायचा ड्रमवाला थोच हाये." हे सांगताना त्यांची छाती शर्टाच्या बाहेर येते. एकच सल होता. तरुणपणी हा बँड नागपूरला आला होता, तेव्हा नेमकं वीज केंद्रातलं एक युनिट बंद पडलं आणि काकांना सुटी मिळाली नाही. "साऱ्या नागपुरानं ड्रॅगन आयकला, मी टर्बाइन आयकलं," असं म्हणून ते हसायचे, पण दरवेळी म्हणायचे.

त्यामुळे या हिवाळ्यात 'टिन ड्रॅगन' पुन्हा नागपूरला येतोय, आणि हा त्यांचा शेवटचा दौरा आहे, हे मोबाइलवर वाचल्याबरोबर मी धावत गेले. वाटलं, काका अंगणात नाचतील. त्यांनी चष्मा लावून जाहिरात वाचली, फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "म्हातारे झाले थे आता. काय आयकाचं त्यायचं?" मग थंडीचं निघालं, गुडघ्यांचं निघालं. मला रागच आला. एवढी वर्षं आमचे कप हलवले ते कशासाठी?

संध्याकाळी काकू आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "तिकिटं काढ वं. तिघाईची. त्यायले मी आणीन."

"पण त्यांनाच यायचं नाहीये ना?"

"याचं हाये त्यायले. भेव वाटून राहिलं." काकूंनी आवाज खाली आणला. "कान गेले वं त्यायचे. त्या मशिनीनं खाल्ले. आता फक्त धमधम समजते, थेही पायातून. चपला काहून काढतेत, तुले काय वाटलं? माणूस सारखा बोलत राहते, काहून? समोरचा बोलला का समजत नाही म्हणून. एवढ्या लोकायमंदी जाऊन काहीच नाही आयकू आलं, तर मंग घरचा रविवारही गेला."

मी तिकिटं काढली.

मैदान भरलेलं होतं. काकांच्याच वयाची पोटं काळ्या टी-शर्टांत कोंबून आली होती, आणि एकमेकांना न ओळखणारे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. काकांच्या ड्रॅगनच्या लाल शेपटीला हात लावून एक गृहस्थ म्हणाले, "असा पीस कुठे भेटला भाऊ?" काकांनी नुसतं काकूंकडे बोट दाखवलं. बँड स्टेजवर आला तेव्हा मैदान ओरडलं. काकांनी चपला काढल्या. ड्रम सुरू झाला आणि मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. पाय हलेनात. खाली माती, मातीवर जाड गालिचा. काकांनी पाय इकडे ठेवून पाहिला, तिकडे ठेवून पाहिला. मग वाकून चपला परत घालू लागले. "छातीत नुसतं घुमून राहिलं," ते म्हणाले. "धोटा कुठं गेला, समजतच नाही. चला घरी."

काकूंनी त्यांचा दंड धरला. पुढे स्टेजच्या बाजूला म्हाताऱ्यांना बसायला लाकडी फळ्यांचा चौथरा केला होता. काकू गर्दीतून सुतासारख्या सरळ निघाल्या, मागे काका, त्यांच्या मागे मी. चौथऱ्यापाशी स्वयंसेवक खुर्ची सरकवून म्हणाला, "बसा आजोबा."

"बसाले नाही आले थे," काकू म्हणाल्या. "थ्या फळीवर उभं राहू दे त्यायले."

काकांनी पुन्हा चपला काढल्या आणि फळीवर पाय ठेवला. क्षणभर काही नाही. मग उजवी टाच उचलली, खाली आली. मग डावी. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर लाकडी पावड्या दाबतो, तसे त्यांचे पाय चालायला लागले. पांढऱ्या केसांचा तो ड्रमवाला वर घामाघूम होऊन वाजवत होता आणि खाली काका त्याच्याबरोबर, एकही ठोका न चुकवता. मला इतका अभिमान वाटला की बाजूच्या माणसाला सांगावं, हे आमचे शेजारी.

मग ड्रम थांबला. एकटी गिटार, आणि गायक हळू आवाजात गायला लागला. फळीतून आता काहीच येत नसणार. काकांचे पाय थांबले. त्यांनी काकूंकडे वळून पाहिलं, काय चाललंय ते विचारायला.

काकू गात होत्या. इंग्रजीतलं एक अक्षर न येणाऱ्या आमच्या पराते काकू, डोळे स्टेजवर, गायकाच्या अर्धा श्वास पुढे, ओळीमागून ओळ. इतक्या वर्षांचे सगळे रविवार स्वयंपाकघरात, पाठ करून उभं राहून, त्या हेच करत होत्या. नवऱ्याने पाहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं तेव्हा लाजल्या, पण थांबल्या नाहीत. उलट तोंड त्याच्याकडे केलं आणि एकेक शब्द ओठांवर मोठा करून गायला लागल्या.

काकांनी स्टेजकडे पाठ फिरवली. ज्या बँडची आयुष्यभर वाट पाहिली त्याच्याकडे पाठ करून ते बायकोच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. डोळे वाहत होते, पुसायचं भान नव्हतं. मग माझा हात धरून म्हणाले, आणि स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नसल्यामुळे अख्ख्या चौथऱ्याला ऐकू गेलं:

"पाह्य वं बाई, पाह्य. पुरं पाठ हाये तिले. आन मले वाटे, हिले आवडतच नाही."