ईशान्येचा पूर आणि टिटवीचं इंग्रजी

एका जंगलात, मुलांनो, एके दिवशी इंग्रजी आलं. कुठून आलं कुणाला ठाऊक नाही, पण जायचं नाव घेईना. वनराजांनी फर्मान काढलं, "यापुढे संकटाची वर्दी फक्त इंग्रजीत. आणि शुद्ध!"

सुभद्रा टिटवी नदीवर पहारा करायची. बिचारी रोज दिशा घोकायची. नॉर्थ, साऊथ, ईस्ट, वेस्ट. कोपऱ्यांच्या दिशा आल्या की तिची मान वाकडी व्हायची.

एका सकाळी तिनं पाहिलं, ईशान्येकडून पुराचा लोंढा येतोय. ती धापा टाकत दरबारात आली. "महाराज! फ्लड फ्रॉम ईस्ट-नॉर्थ!"

वनराज शेपटी आवरून उठणार, इतक्यात भाषाधिकारी राघो पोपट खाकरला. "ईस्ट-नॉर्थ नावाची दिशाच नाही. नॉर्थ आधी, ईस्ट नंतर."

"बरं बाबा. फ्लड फ्रॉम नॉर्थ-ईस्ट!"

"मध्ये 'द' कुठाय?"

"फ्रॉम द नॉर्थ-ईस्ट!" टिटवीच्या पायांना पाणी लागलं होतं.

"आता एन कॅपिटल की स्मॉल? प्रदेश असेल तर कॅपिटल, नुसती दिशा असेल तर स्मॉल."

"अहो, मी बोलतेय! लिहीत नाहीये!"

"चांगल्या उच्चारात स्मॉल ऐकू येतं, बाई."

तेवढ्यात एक ससा दरबारातून वाहत गेला. सगळ्यांनी सभ्यपणे त्याला वाट दिली. टिटवीला मात्र राहवेना. ती फांदीवर चढून किंचाळली, "मेल्यांनो, टेकडीवर पळा! पाणी आलं!"

हे सगळ्यांना कळलं. सगळे पळाले. सशाला हत्तीनं सोंडेनं उचललं. पोपट सर्वांत आधी पोचला.

टेकडीवर टिटवी अंग झाडत उभी राहिली. कुणीतरी "शाब्बास" म्हणेल, असं तिला वाटत होतं.

"महाराज," पोपट म्हणाला, "वर्दी मराठीत दिली. दिशेचा उल्लेख नाही. वर 'मेल्यांनो' म्हणाली. आपणही त्यात आलात."

वनराज गंभीर झाले. टिटवीला पहाऱ्यावरून काढून शिकवणीला बसवलं. पहारा पोपटाला दिला. त्याचं इंग्रजी बिनचूक आहे. नदीवर तो जात नाही, तिथे पंख भिजतात.

तात्पर्य : बुडताना व्याकरण सोडू नये. जीव काय, पुढच्या जन्मी मिळतोच. कापलेले मार्क मिळत नाहीत.