छावणी कट

पलटण सरहद्दीवर हलली आणि छावणीच्या फाटकासमोरच्या न्हाव्याला आपल्याला किती कमी येतं ते कळलं. उभ्या जन्मात त्याने एकच कट मारला होता: कानावरून मशीन, वर बोटभर केस. आता आरशात दिवसभर तो एकटाच दिसे. आज कुणी आलं नाही तर दुकानाला कायमचं कुलूप, असं त्याने ठरवलं आणि नेमके शाळामास्तर आले.

"थोडेसेच कमी कर. भांग राहू दे."

"राहू दे म्हणजे काय, राहणारच! बसा मास्तर!"

किती दिवसांनी ऐकणारे कान मिळाले होते! न्हावी बोलतच सुटला. पलटणीचा बँड, पहाटेचे बूट, दारापर्यंत लागलेली रांग. तोंड आठवणींत रमलं, पण हातांची जित्याची खोड. तो भानावर आला तेव्हा भांग मास्तरांच्या मांडीवर पडला होता.

"अरे, हे काय केलंस!"

"आता... वारा छान लागेल, मास्तर."

मास्तर पाय आपटत निघाले. रिकाम्या बराकी राखायला मागे ठेवलेला म्हातारा हवालदार फाटकात उभा होता. ते डोकं दिसताच तो गरजला, "थांब! पलटण तिकडे अन् तू इथे? पळपुट्या, चल आत!"

एकुलतं एक गिऱ्हाईक, तेही कैदेत! तो सोडवायला धावला, तर हवालदाराने त्यालाही शेजारी उभं केलं. "तुझंही डोकं तसलंच!"

ओस मैदानावर हवालदाराने छाती काढून हजेरी पुकारली. "एक!"

"हजर," न्हावी पुटपुटला.

"दोन!"

मास्तर जरा घुटमळले. मग खणखणीत म्हणाले, "हजर!"

हवालदाराने डोळे पुसले. "मास्तर, नातवाला तुम्हीच शिकवलंत, ओळखणार नाही होय? पण हजेरी घ्यायला कुणी उरलंच नाही हो. जा आता."

आठवडा गेला. मास्तर काही आता येत नाहीत, म्हणून न्हावी कुलूप शोधत होता, तोच ते खुर्चीत येऊन बसले. डोक्यावर कापण्यासारखं काही नव्हतं.

"काय कमी करू?"

"तेच. वाढलेत जरा." मास्तर आरशाकडे बघत राहिले. "पलटण हलली तशी जवानांची पोरंही आपापल्या गावी गेली रे. मी रोज रिकाम्या वर्गात नावं पुकारतो. माझं कोण पुकारणार?"

न्हाव्याने मशीन उचललं.

"आणि गप्पा कमी मार," मास्तर म्हणाले. "हवालदार खोळंबला असेल."